मसल कार की छोटी स्पोर्ट्स कार? अमेरिकेत हा निर्णय आता एकट्या ग्राहकाचा राहिलेला नाही

डिसेंबर २०२३. एकाच महिन्यात अमेरिकेतल्या दोन दिग्गज गाड्यांचा प्रवास संपला. मिशिगनमधल्या लान्सिंगच्या कारखान्यातून शेवटची शेवरले कॅमारो बाहेर पडली आणि कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून शेवटची डॉज चॅलेंजर. मोठ्ठं व्ही-एट इंजिन, दोन दारं, मागच्या चाकांना ताकद आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारा आवाज, अशी ज्यांची ओळख होती त्यांच्यापैकी दोघी गेल्या. उरली फोर्डची मस्टँग.

त्याच वेळी जपानमधल्या हिरोशिमात माझदा कंपनी एक चिमुकली, दोन सीटची, उघड्या टपाची गाडी बनवत होती. एमएक्स-५ मियाटा. १९८९ पासून ही गाडी सुरू आहे आणि आजही तिचा फॉर्म्युला बदललेला नाही. छोटं इंजिन, कमी वजन, वळणांवर मजा.

अमेरिकेत पहिली बरी नोकरी लागलेल्या, गाड्यांचं वेड असलेल्या पोरापोरींसमोर तीस-पस्तीस वर्षांपासून हा प्रश्न असतो. तीस हजार डॉलरच्या आसपास बजेट आहे, मग मियाटासारखी छोटी स्पोर्ट्स कार घ्यायची की मस्टँगसारखी मसल कार? शिकायला आणि नोकरीला तिकडे गेलेल्या मराठी मुलांच्या ग्रुपवरही हा वाद रंगतो.

वरवर पाहिलं तर हा आवडीचा प्रश्न आहे. कुणाला मिसळ आवडते, कुणाला वडापाव. पण जरा खोलात गेलं की लक्षात येतं, या वादाचा निकाल शोरूममध्ये लागतच नाही. तो लागतो इंधनाच्या नियमांमध्ये, टॅरिफमध्ये आणि विमा कंपनीच्या फायलींमध्ये. कसा, ते नीट समजून घेऊ.

आधी बेसिक. मसल कार म्हणजे नक्की काय?

१९६४ मध्ये जनरल मोटर्सच्या पॉन्टियाक ब्रँडनं एक साधी मध्यम आकाराची गाडी घेतली आणि तिच्यात मोठ्या गाडीचं ३८९ क्युबिक इंचांचं, म्हणजे साधारण ६.४ लिटरचं व्ही-एट इंजिन बसवलं. नाव दिलं जीटीओ. या प्रकल्पामागे जॉन डेलोरियन होते. बहुतेक जाणकार मसल कारची खरी सुरुवात इथूनच मोजतात. फॉर्म्युला सोपा होता. गाडी घरच्या माणसाला परवडणारी, इंजिन मात्र राक्षसी.

त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये फोर्डनं मस्टँग आणली. किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे. पहिल्या वर्षभरात चार लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. तांत्रिक भाषेत मस्टँगला मसल कार नाही, तर 'पोनी कार' म्हणतात, कारण ती आकारानं लहान होती आणि साध्या इंजिनातही मिळायची. पण पुढे तिच्यात मोठी इंजिनं आली आणि आज लोकांच्या बोलण्यात हा फरक उरलेला नाही.

छोट्या स्पोर्ट्स कारचा उगम वेगळा. एमजी, ट्रायम्फ, लोटस अशा ब्रिटिश कंपन्या युद्धानंतर हलक्या, दोन सीटच्या गाड्या बनवायच्या. चालवायला भन्नाट, पण तेलगळती आणि वायरिंगच्या दुखण्यांसाठी बदनाम. १९८० पर्यंत हा प्रकार जवळजवळ संपला होता. बॉब हॉल या अमेरिकन वाहन पत्रकारानं माझदाच्या केनइची यामामोतो यांना सुचवलं की अशी गाडी पुन्हा बनवा. पुढे हॉल माझदातच कामाला लागले. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये मियाटा आली, १.६ लिटरचं ११६ हॉर्सपॉवरचं इंजिन घेऊन. कल्पना ब्रिटिश होती, भरवसा जपानी होता. २०१६ मध्ये दहा लाखावी मियाटा बनली. सर्वाधिक विकल्या गेलेल्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचा गिनीज विक्रम तिच्याच नावावर आहे.

फोर्डनंही एकदा 'छोटी'च निवडली होती

मसल कारचे चाहते ही गोष्ट फारशी सांगत नाहीत.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मसल कारवर चहूबाजूंनी घाव बसले. विमा कंपन्यांनी ताकदवान गाड्यांवर जास्तीचा हप्ता लावला. १९७० च्या क्लीन एअर ॲक्टमुळे धुराचे नियम कडक झाले. आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलबंदी जाहीर केली. अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या.

फोर्डनं त्याच्या काही आठवडे आधीच मस्टँग टू बाजारात आणली होती. ही मस्टँग फोर्डच्या छोट्या पिंटो गाडीशी नातं सांगणारी. पहिल्या वर्षी तिच्यात व्ही-एट इंजिन मिळतच नव्हतं. मूळ इंजिन चार सिलिंडरचं, ताकद नव्वद हॉर्सपॉवरच्याही आत. आज या मस्टँगची टिंगल होते. पण विक्री बघा. १९७३ मध्ये जुनी, मोठी मस्टँग विकली गेली साधारण १ लाख ३५ हजार. १९७४ मध्ये छोटी मस्टँग विकली गेली साधारण ३ लाख ८५ हजार. लोकांची आवड एका वर्षात बदलली नव्हती, पेट्रोलची परिस्थिती बदलली होती.

दुसरा किस्सा याहून भारी. ऐंशीच्या दशकात फोर्डचा माझदामध्ये मोठा हिस्सा होता. फोर्डनं ठरवलं की पुढची मस्टँग माझदाच्या तंत्रावर बनवायची. पुढच्या चाकांना ताकद, व्ही-एट गायब. बातमी बाहेर आली आणि मस्टँगप्रेमींनी फोर्डवर पत्रांचा पाऊस पाडला. कंपनीनं माघार घेतली. मस्टँग जुन्याच पद्धतीनं चालू राहिली आणि ती नवी गाडी 'फोर्ड प्रोब' या नावानं विकली गेली.

प्रोब जिथे बनायची तो मिशिगनमधल्या फ्लॅट रॉकचा कारखाना माझदानं उभारला होता. १९८७ मध्ये तो सुरू झाला, पुढे फोर्ड आणि माझदा तो मिळून चालवायचे, २०१२ मध्ये माझदा तिथून बाहेर पडली. आज त्या कारखान्यात काय बनतं? मस्टँग. म्हणजे 'जपानी मियाटा विरुद्ध अस्सल अमेरिकन मस्टँग' असं भांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. मस्टँगचं आजचं घर मियाटा बनवणाऱ्या कंपनीनं बांधलेलं आहे.

हॉर्सपॉवर सोडा, वजन बघा

आता आजच्या गाड्यांकडे येऊ.

मियाटा: दोन लिटरचं इंजिन, १८१ हॉर्सपॉवर, वजन साधारण १,०७० किलो.

मस्टँग इकोबूस्ट: २.३ लिटरचं टर्बो इंजिन, ३१५ हॉर्सपॉवर, वजन साधारण १,६३० किलो.

मस्टँग जीटी: पाच लिटरचं व्ही-एट, ४८० हॉर्सपॉवर, वजन साधारण १,७४० किलो.

सरळ रस्त्यावर प्रश्नच नाही. जीटी मियाटाला मागे टाकते आणि आरशात बघतही नाही. प्रत्येक टनामागची ताकद काढली तरी मियाटाकडे सुमारे १७० हॉर्सपॉवर येतात आणि जीटीकडे सुमारे २७५.

पण गाडी फक्त पळत नाही. तिला थांबावं लागतं, वळावं लागतं. तिथे वजन मोजलं जातं. वेग सारखा असेल तर जीटी थांबवताना ब्रेकना मियाटाच्या तुलनेत साधारण १.६ पट ऊर्जा जिरवावी लागते. म्हणून तिला मोठे ब्रेक लागतात, रुंद टायर लागतात. रुंद टायर महाग असतात. एक गोष्ट जड झाली की तिला सांभाळायला दुसरी जड होते.

छोट्या स्पोर्ट्स कारचं तत्त्वज्ञान नेमकं उलटं आहे. माझदा त्यासाठी 'जिन्बा इत्ताई' हा जपानी शब्द वापरते. घोडा आणि स्वार एकजीव. वजन कमी ठेवलं की छोटं इंजिन पुरतं, छोटे ब्रेक पुरतात, अरुंद टायर पुरतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ताशी ६०-७० किलोमीटरलाही चालवण्याची मजा येते. मसल कारची मजा यायला लागते तोवर बहुतेक रस्त्यांवरची वेगमर्यादा संपलेली असते.

मस्टँगच्या बाजूनंही बोलायला हवं. मियाटात दोन माणसं बसतात. डिकी साधारण १३० लिटरची, म्हणजे दोन सॅक ठेवल्या की हाऊसफुल्ल. आईबाबा भारतातून आले आणि विमानतळावर घ्यायला जायचं असेल तर दोन फेऱ्या. मस्टँगमध्ये मागे दोन सीट आहेत, अडचणीच्या असल्या तरी आहेत, आणि डिकी साधारण ३८० लिटरची. शेकडो मैलांच्या सरळ हायवेवर मस्टँग शांत आणि आरामशीर चालते. मियाटात तिथे वाऱ्याचा आणि टायरचा आवाज डोकं उठवतो. अमेरिका हा सरळ आणि लांब रस्त्यांचा देश आहे. मसल कार तिथेच का जन्मली, याचं एक उत्तर त्या रस्त्यांमध्येच आहे.

खिशाचं गणित

२०२५ च्या मॉडेलची मियाटा साधारण ३० हजार डॉलरपासून सुरू होते. मस्टँग इकोबूस्ट साधारण ३२ हजारांपासून. पण पोस्टरवर असते ती, म्हणजे व्ही-एटवाली जीटी, साधारण ४६ हजारांच्या पुढे. त्यामुळे वाद घालताना आधी कोणती मस्टँग ते ठरवा. इकोबूस्ट आणि मियाटा शेजारी आहेत, जीटी वेगळ्या सोसायटीत राहते.

पेट्रोलचं काय? अमेरिकी सरकारच्या चाचणीनुसार मॅन्युअल मियाटा गॅलनला २९ मैल देते, म्हणजे लिटरला साधारण १२.३ किलोमीटर. ऑटोमॅटिक जीटी १८ मैल, म्हणजे लिटरला साधारण ७.६ किलोमीटर. वर्षाला १२ हजार मैल चालवलं आणि पेट्रोल गॅलनला ३ डॉलर धरलं, तर मियाटाचा खर्च सुमारे १,२४० डॉलर आणि जीटीचा २,०००. फरक ७६० डॉलर. पण मियाटासाठी कंपनी महागडं प्रीमियम पेट्रोल सुचवते. ते भरलं तर हा फरक बराच कमी होतो. थोडक्यात, पेट्रोलच्या आकड्यावर निर्णय घेणाऱ्यांची फसगत होऊ शकते. खरी दरी गाडीच्या किमतीत आणि विम्यात आहे.

अमेरिकेत विम्याचा हप्ता गाडीच्या मॉडेलवर, चालकाच्या वयावर, राज्यावर आणि आधीच्या रेकॉर्डवर ठरतो. भारतातून नुकत्याच गेलेल्या पंचविशीतल्या मुलाकडे अमेरिकेतला रेकॉर्ड नसतो. वय कमी, रेकॉर्ड कोरा आणि गाडी व्ही-एट हे समीकरण विमा कंपनीला घाबरवायला पुरेसं आहे. म्हणून तिथले अनुभवी लोक सांगतात की शोरूममध्ये जाण्याआधी दोन्ही गाड्यांचं विम्याचं कोटेशन मागवा. अनेकांचा निर्णय त्या एका कागदावरच होतो.

विमा कंपन्या उगाच घाबरत नाहीत. त्यांच्याच पैशांवर चालणारी 'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी' ही संस्था कोणत्या मॉडेलच्या अपघातात किती चालक दगावतात याचा हिशोब ठेवते. २०२० च्या मॉडेल्सचा अहवाल २०२३ मध्ये आला. चालकांचा मृत्युदर सर्वाधिक असलेल्या २१ गाड्यांमध्ये ६ होत्या चॅलेंजर, चार्जर आणि कॅमारो या मसल कारच्या आवृत्त्या. आणि ८ होत्या छोट्या गाड्या.

यादी एकच असली तरी कारणं वेगळी आहेत. छोट्या गाड्या तिथे आल्या त्या आकारामुळे. समोरून दोन-अडीच टनांचा पिकअप आला की छोट्या गाडीचं काय होणार, हे सांगायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. मसल कार मात्र काही छोट्या नाहीत. त्यांच्या बाबतीत बोट जातं चालवण्याच्या पद्धतीकडे. मसल कारमुळे समोरच्या गाडीतला चालक दगावण्याचं प्रमाणही जास्त दिसलं. म्हणजे एकीत धोका बाहेरून येतो, दुसरीत तो बऱ्याचदा ॲक्सिलरेटरवरच्या पायातून.

आणि चोरी? विम्याच्या दाव्यांचा अभ्यास करणाऱ्या 'हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूट'नं २०२३ मध्ये सांगितलं की २०२० ते २०२२ च्या मॉडेल्समध्ये डॉज चार्जर हेलकॅट चोरीला जाण्याचं प्रमाण इतर गाड्यांच्या तुलनेत ६० पटींहून जास्त होतं. स्वतःच्या पार्किंगमध्ये गाडी ठेवून रात्री तीनदा खिडकीतून डोकावायचं असेल तर तोही खर्चच धरायला हवा.

नियमांनी छोट्या गाडीलाच कसं अडवलं?

आता येतो या गोष्टीतला सगळ्यात उलटा भाग.

तेलबंदीनंतर १९७५ मध्ये अमेरिकेनं कायदा केला. प्रत्येक कंपनीनं विकलेल्या गाड्यांचं सरासरी मायलेज ठरावीक आकड्याच्या वर हवं, नाहीतर दंड. ऐकायला वाटतं की याचा फायदा छोट्या गाड्यांना होईल. पण पुढे दोन गोष्टी झाल्या.

पहिली, गाड्यांचे दोन गट पडले. कार वेगळ्या आणि 'लाइट ट्रक' वेगळे. पिकअप आणि बऱ्याच एसयूव्ही लाइट ट्रकमध्ये गेल्या, जिथे नियम सैल होते. फार पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर १९७८ मध्ये आलेला 'गॅस गझलर' करही फक्त कारना लागतो. तेवढंच पेट्रोल पिणारा पिकअप त्यातून सुटतो.

दुसरी, गेल्या दीड दशकात मायलेजचं लक्ष्य गाडीच्या चार चाकांमधल्या जागेवर ठरायला लागलं. चाकांमधलं क्षेत्रफळ जितकं मोठं, तितकं लक्ष्य सोपं. मियाटासारखी गाडी सर्वांत लहान गटात येते, म्हणून तिच्यापुढचं लक्ष्य सर्वांत अवघड. हिशोब पूर्ण कंपनीच्या सरासरीवर होतो, त्यामुळे एकट्या मियाटामुळे माझदा बुडत नाही. पण नवी छोटी स्पोर्ट्स कार बनवण्याचा विचार करणाऱ्या कंपनीला संदेश स्पष्ट जातो. गाडी मोठी करा, ट्रक म्हणून नोंदवा, त्रास कमी.

निकाल समोर आहे. फोर्डनं २०१८ मध्ये अमेरिकेत सेडान बंद करण्याची घोषणा केली. आज तिथल्या शोरूममध्ये एसयूव्ही, पिकअप आणि व्हॅनच्या गर्दीत मस्टँग ही फोर्डची एकटी कार उरली आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत मस्टँग विकल्या गेल्या साधारण ४४ हजार, मियाटा साधारण ८ हजार. आणि फोर्डचे एफ-सीरिज पिकअप? सात लाखांहून जास्त. १९६६ मध्ये एकट्या मस्टँगनं सहा लाखांचा टप्पा ओलांडला होता. म्हणजे मियाटा आणि मस्टँगचे चाहते एकमेकांशी भांडत बसले आणि बाजार तिसऱ्याच गाडीनं खाल्ला.

जुलै २०२५ मध्ये यात नवं वळण आलं. डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या कर आणि खर्चाच्या कायद्यात मायलेजचे नियम मोडल्याचा दंड शून्य करण्यात आला. नियम कागदावर आहे, शिक्षा नाही. मोठ्या इंजिनांना यामुळे श्वास मिळाला. पण गाडी डिझाइन करायला, कारखाना लावायला चार-पाच वर्षं जातात. पुढचं सरकार दंड परत आणणार नाही याची खात्री कुणालाच नाही. त्यामुळे दंड गेला म्हणून लगेच बंद पडलेल्या गाड्या परत येतील, असं समीकरण नाही.

इलेक्ट्रिक मसल कारचं काय झालं?

चॅलेंजर आणि जुनी चार्जर बंद केल्यावर डॉजनं पैज लावली इलेक्ट्रिकवर. चार्जर डेटोना आली, ६७० हॉर्सपॉवरची. मसल कारमध्ये आवाज हवाच, म्हणून तिच्यात कृत्रिम आवाज काढणारी यंत्रणा बसवली. वजन झालं साधारण २,६५० किलो. म्हणजे दोन मियाटा तराजूत टाकल्या तरी ही एकटी खाली जाते.

जुन्या चाहत्यांना ती पचली नाही. वर्षभरातच तिची स्वस्त आवृत्ती थांबवावी लागली आणि डॉजनं त्याच गाडीत तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणलं. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस इलेक्ट्रिक गाड्यांवरची ७,५०० डॉलरची करसवलतही संपली.

टॅरिफ: कोणाचा पासपोर्ट कुठला?

३ एप्रिल २०२५ पासून अमेरिकेनं आयात गाड्यांवर आधीच्या २.५ टक्क्यांवर आणखी २५ टक्के शुल्क लावलं. मियाटा फक्त हिरोशिमात बनते. माझदाचा टोयोटासोबत अमेरिकेतल्या अलाबामात कारखाना आहे, पण तिथे एसयूव्ही बनते. वर्षाला आठ-नऊ हजार मियाटांसाठी अमेरिकेत वेगळी लाइन टाकणं कुठल्याच कंपनीला परवडणार नाही. तिच्यासारख्याच टोयोटा जीआर ८६ आणि सुबारू बीआरझेड या दोन्ही गाड्या जपानमधल्या सुबारूच्या कारखान्यातून येतात. म्हणजे परवडणाऱ्या छोट्या स्पोर्ट्स कारचा जवळजवळ सगळा बाजार एका आयात शुल्कावर टांगलेला. सप्टेंबर २०२५ मध्ये जपानसोबतच्या करारामुळे हे शुल्क एकूण १५ टक्क्यांवर आलं. दिलासा मिळाला, पण आधीच्या २.५ टक्क्यांशी तुलना केली तर ओझं सहापट आहे.

मग मस्टँग सुरक्षित? ती मिशिगनमध्ये जुळवली जाते, त्यामुळे गाडीवर आयात शुल्क नाही. पण तिचं पाच लिटरचं व्ही-एट इंजिन कुठे बनतं? कॅनडातल्या विंडसरमध्ये. अस्सल अमेरिकन म्हणून मिरवणाऱ्या गाडीचं काळीज सीमा ओलांडून येतं. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडाच्या व्यापार करारात बसणाऱ्या सुट्या भागांना सूट मिळाली, म्हणून निभावलं. या कराराचा आढावा २०२६ मध्ये ठरलेला आहे. तिथे काय होतं याचा परिणाम जीटीच्या किमतीवर होऊ शकतो.

आपल्याकडे या वादाचं काय?

भारतात हा वाद जमिनीवर कधी आलाच नाही. मस्टँग २०१६ मध्ये अधिकृतपणे आली, साधारण ६५ लाखांच्या एक्स-शोरूम किमतीला, पूर्ण तयार होऊन, त्याच फ्लॅट रॉकच्या कारखान्यातून. अमेरिकेत मध्यमवर्गाची गाडी, मुंबई-पुण्यात उद्योगपती आणि सेलिब्रिटींची. २०२१ मध्ये फोर्डनं भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. माझदाच्या कार तर इथे आल्याच नाहीत. महाराष्ट्रातल्या कित्येकांसाठी माझदा म्हणजे आजही शाळेची किंवा कंपनीची ने-आण करणारी ती स्वराज माझदाची मिनीबस.

नियमांची गंमत इथेही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यापुढच्यांवर ४० टक्के. मियाटाची लांबी आहे ३,९१५ मिलिमीटर, म्हणजे लांबीत ती पास. पण इंजिन दोन लिटरचं, म्हणजे नापास. आयात शुल्क वेगळंच. अमेरिकेत मायलेजच्या नियमानं गाड्या फुगवल्या, आपल्याकडे चार मीटरच्या नियमानं डिक्या छाटल्या. दोन्हीकडे गाडीचा आकार डिझायनरच्या पेन्सिलीइतकाच सरकारी अधिसूचनेनं ठरतो.

मग घ्यायची कोणती?

अमेरिकेत राहून हा निर्णय घेणाऱ्यांसाठी उत्तर बरंच स्पष्ट आहे.

घरात दुसरी गाडी असेल, जवळ घाटाचे किंवा वळणावळणाचे रस्ते असतील आणि मजा वेगापेक्षा चालवण्यात वाटत असेल, तर छोटी स्पोर्ट्स कार. कमी पैशात, कमी वेगात, जास्त आनंद. आकारामुळे येणारा धोका मात्र मान्य करून.

एकच गाडी असेल, मित्र किंवा सामान घेऊन लांब जायचं असेल, तर मस्टँग इकोबूस्ट. नावात मसल, खर्चात समंजस.

व्ही-एटच हवी असेल तर जीटी, पण विम्याचं कोटेशन हातात आल्यावर आणि उजव्या पायावर ताबा असेल तरच. आणि शिकागो किंवा डेट्रॉइटसारख्या बर्फाच्या गावात राहत असाल तर दोन्ही गाड्या मागच्या चाकांवर चालतात हे विसरू नका. हिवाळ्यासाठी वेगळे टायर हवेतच.

पण 'यंदा नको, पुढच्या वर्षी बघू' म्हणणाऱ्यांनी डिसेंबर २०२३ आठवावा. कॅमारो आणि चॅलेंजरचे चाहते कमी नव्हते. त्यातले बरेच जण नवी गाडी घ्यायची राहून गेले, कारण दरम्यान त्यांनी एसयूव्ही घेतली होती. मियाटावाले आणि मस्टँगवाले एकमेकांना कितीही चिडवोत, ज्या कारणानं एक गाडी संपेल त्याच कारणानं दुसरीही संपणार आहे. मोठ्या, जड, ट्रकसारख्या गाड्यांना सोयीचे नियम आणि तशाच गाड्या घेणारे ग्राहक. त्यामुळे 'यातली कोणती' या प्रश्नाइतकाच 'यातली एखादी तरी' हा प्रश्नही आता महत्त्वाचा झाला आहे.